हळद लाल का होते?

लग्नघरी हळद लागते. नवरदेवाच्या धोतरावर पिवळे डाग पडतात. दुसऱ्या दिवशी माय ते धोतर धुवायला काढते. साबण लावते, आणि काय! पिवळा डाग एकदम लाल होतो. जणू रक्तच सांडले. मग ती धोतर खळखळून पाण्यातून काढते. लाली जाते, डाग पुन्हा पिवळा दिसतो. उन्हात चार दिवस टाकले की पिवळेपणाही हळूहळू विरतो.

हे तुम्ही कितीतरी वेळा पाहिले आहे. पण हळद लाल का झाली? साबणात तर लाल रंग नव्हता. मग तो आला कुठून?

पुलगावजवळच्या एका खेड्यात आमचा रात्रीचा वर्ग भरतो. तिथे आम्ही हा प्रश्न विचारला. बायाबापड्या हसल्या. एक बाई म्हणाली, "हे तं आम्हाले ठाऊकच हाय, ताई. साबण लागला का हयद लाल होते. त्याच्यात काय मोठं?"

तिची मुलगी शेजारीच बसली होती. ती शाळेत जाते. तिच्या विज्ञानाच्या पुस्तकात हाच धडा होता. "आम्ल आणि आम्लारी ओळखणाऱ्या पदार्थाला दर्शक म्हणतात," हे वाक्य तिने घोकून पाठ केले होते. दर्शक म्हणजे काय, ते पाहिले का? मुलगी म्हणाली, "नाही. पुस्तकात चित्र आहे."

माय रोज पाहते, पण तिला नाव ठाऊक नाही. मुलीला नाव पाठ आहे, पण तिने पाहिले नाही. दोघी एकाच घरात राहतात. आणि ती मुलगी विज्ञानात मागे पडत होती. विज्ञान म्हणजे कुलूप लावलेल्या खोलीतल्या काचेच्या नळ्या, असे तिच्या मनाने घेतले होते. अशी मुले आम्हाला पुष्कळ भेटतात. म्हणून त्या रात्री आम्ही अक्षरे बाजूला ठेवली, आणि हळदीचा डबा मागवला.

तुम्हीही मागवा. जवळ एखादे शाळकरी पोर बसवा. सोबत पानाचा चुना, एक लिंबू आणि साबणाचा तुकडा घ्या.

आधी चुन्याची निवळी करू. हरभऱ्याएवढा चुना पेलाभर पाण्यात कालवा. तासभर तसाच राहू द्या. चुना खाली बसतो. वरचे नितळ पाणी हलक्या हाताने दुसऱ्या पेल्यात काढा. हीच निवळी. इथे एक गोष्ट नीट ध्यानात ठेवा. चुना मोठ्या माणसानेच हाताळायचा. चुन्याची पुडी दाबताना चुना उडून पोरांच्या डोळ्यांत जातो आणि डोळा कायमचा जाऊ शकतो. चुकून गेलाच, तर डोळा चोळू नका. स्वच्छ पाण्याची धार डोळ्यावर वीस मिनिटे तरी सोडा. डोळ्यात कण दिसले तर पाण्याने काढून टाका, आणि मग तडक दवाखाना गाठा. तूप, दूध, साखरेचे पाणी असले काही घालत बसू नका.

आता हळदीचे कागद. चमचाभर हळद थोड्या पाण्यात कालवून खीर करा. जुन्या वहीच्या कोऱ्या कागदावर ती पातळ पसरा. सावलीत वाळवा. वाळल्यावर जादा हळद झटका आणि कागदाच्या बोटभर रुंद पट्ट्या कापा. झाले. शहरातल्या प्रयोगशाळेत असे तयार कागद विकत आणतात.

एका पट्टीवर निवळीचा थेंब टाका. तांबडा ठिपका उमटेल. दुसरीवर साबणाचे पाणी टाका. तिथेही तांबडे. धुण्याचा सोडा, पापडखार, चुलीतल्या राखेचे निवळलेले पाणी, सगळ्यांनी हळद तांबडी होते. खायच्या सोड्याने मात्र फिकट तांबूस होते. आता लिंबाचा थेंब टाका. काही नाही, पट्टी पिवळीच. चिंचेचे पाणी, ताक, कैरीचा रस, तरी पिवळीच.

म्हणजे घरातल्या पदार्थांचे दोन गट पडले. जे आंबट, ते एका बाजूला. त्यांना आम्ल म्हणतात. जे हाताला बुळबुळीत लागतात, मळ काढतात, हळद लाल करतात, ते दुसऱ्या बाजूला. त्यांना आम्लारी म्हणतात. अरी म्हणजे वैरी. आम्लाचा वैरी तो आम्लारी. साधे पाणी दोन्हींत नाही. आणि दोन गटांतला फरक रंगाने दाखवून देते, म्हणून हळद ही दर्शक. पुस्तकातला धडा तो एवढाच.

पण हळद का बदलते? हळदीचा पिवळेपणा करक्युमिन नावाच्या द्रव्याचा असतो. त्याचे कण डोळ्यांना दिसत नाहीत इतके बारीक. आम्लारीची गाठ पडली की या कणांची घडण जरा बदलते. घडण बदलली की उजेडातला निराळा रंग ते आपल्या डोळ्यांकडे पाठवतात. मघा पिवळा पाठवत होते, आता तांबडा पाठवतात. बाहेरून लाल रंग कुठूनच आला नाही. आणि आम्लारी निघून गेली की घडण पुन्हा पहिल्यासारखी होते. धोतर पुन्हा पिवळे दिसते ते याच कारणाने.

आपल्या वर्धा जिल्ह्याला तर हळदीसाठी दूर जायला नको. समुद्रपूर तालुक्यातल्या वायगावची हळद नावाजलेली आहे. तिला २०१६ साली सरकारदरबारी भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे वायगावची हळद हे नाव भलत्या गावच्या हळदीला लावता येत नाही.

हळद-चुन्याचे कुंकू आपल्या आज्या घरीच करत. तीही हीच करामत. अशा कुंकवावर लिंबू पिळले की ते पिवळे होते. मात्र टाकणखार घालून केलेले कुंकू लिंबानेही लालच राहते. तेव्हा एवढ्यावरून बाजारवाल्याशी भांडायला जाऊ नका.

हळदीत एक उणे आहे. आम्लारी आली की ती सांगते, पण आम्ल आले की गप्प बसते. पाणी असो की लिंबू, दोन्हीला पिवळीच. तिथे अंगणातली जास्वंद कामी येते. लाल जास्वंदीच्या आठ-दहा पाकळ्या गरम पाण्यात टाका. पाकळ्यांचा रंग उतरला की पाणी गाळून घ्या. जांभळट पाणी मिळेल. आपल्याकडच्या विहिरींच्या पाण्यात क्षार असतात, त्यामुळे रंग थोडा इकडेतिकडे होतो. पावसाचे पाणी साठवलेले असेल तर ते घ्या. या पाण्यात लिंबू पिळले की ते गडद गुलाबी होते. निवळी घातली की हिरवे होते. हिरवे! लाल फुलातून हिरवा रंग निघालेला पाहून आमच्या वर्गातले म्हातारेबाबाही पुढे सरकून बसले. कुंपणावरच्या निळ्या गोकर्णाचेही असेच आहे. लिंबाने तो जांभळा-गुलाबी होतो, चुन्याने हिरवा.

फुलांच्या रंगाची ही परीक्षा जुनी आहे. रॉबर्ट बॉइल नावाच्या शास्त्रज्ञाने १६६४ साली इंग्लंडात रंगांवर एक पुस्तक छापले. व्हायोलेट नावाच्या फुलांचा पाक आम्लाने लाल होतो आणि आम्लारीने हिरवा, हे त्याने त्यात लिहिले. पुढे प्रयोगशाळेत लिटमसचे कागद आले. शाळेच्या पुस्तकात त्यांचे नाव येतेच. हे लिटमस कशापासून निघते ठाऊक आहे? तुमच्या मसाल्यात दगडफूल असते ना, त्याच्याच गोतातल्या एका दगडफुलापासून. म्हणजे शास्त्रज्ञांचा तो मोठा कागदही शेवटी रानातूनच आला.

आता आमच्या वर्गाला सर्वांत आवडलेला प्रयोग सांगतो. दोन लिंबांत जास्त आंबट कोणते? तुम्ही म्हणाल, चाखून बघू. पण जीभ एकीची निराळी, दुसरीची निराळी. सासू म्हणते हे आंबट, सून म्हणते ते आंबट. मग न्याय कोण करणार? थेंब करतील.

दोन चमचे निवळी वाटीत घ्या. त्यात चिमटीभर हळद टाका. पाणी तांबडे होईल. पहिल्या लिंबाचा एक चमचा रस गाळा आणि त्यात चार चमचे पाणी मिसळा. औषधाच्या जुन्या बाटलीची थेंब टाकायची नळी स्वच्छ धुऊन घ्या. तिने रसाचा एकेक थेंब वाटीत सोडा, ढवळा आणि मोजा. थेंब पडला की तिथे पिवळे दिसते, ढवळले की पुन्हा तांबडे होते. असे होता होता एक थेंब असा पडतो की सारी वाटी पिवळी होते आणि पिवळीच राहते. थांबा. किती थेंब झाले ते वहीत लिहा.

आता वाटी धुऊन पुन्हा तितकीच निवळी, तितकीच हळद घ्या आणि दुसरे लिंबू त्याच नळीने टाका. ज्याचे थेंब कमी लागले, ते जास्त आंबट. निवळी कमीजास्त झाली किंवा नळी बदलली, तर न्याय खोटा ठरतो. एकदा करून भागत नाही. तीनदा करा. तिन्ही वेळा आकडा जवळपास आला तरच भरवसा धरा. आमच्या वर्गात पहिल्या दोन आकड्यांचे जमेना. मग कळले की पोरगा एकदा चमचा शिगोशीग भरत होता आणि एकदा निम्मा. ते त्यानेच शोधून काढले. आम्ही सांगितले नव्हते.

कालच्या आणि आजच्या दह्याचेही असे बघता येते. दह्यावरचे पाणी घ्या, मात्र ते लिंबापुढे फार सौम्य असते. त्याचे थेंब नव्हे, चमचे मोजावे लागतील.

मोठ्या प्रयोगशाळांत आम्ल मोजतात ते याच रीतीने. नळी काचेची असते, तिच्यावर रेघा असतात, आणि निवळीऐवजी मोजून केलेले द्रावण असते. रीत तीच. वहीत आकडे लिहायचे हे कामही तुमचेच. अक्षरे शिकलात ती काय फक्त सही करायला?

हाताने करावे आणि त्यातून शिकावे, हा विचार आपल्या जिल्ह्याला नवा नाही. १९३७ सालच्या ऑक्टोबर महिन्यात २२ व २३ तारखेला वर्ध्याला शिक्षण परिषद भरली होती. गांधीजी तिचे अध्यक्ष होते. पुढे डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीने अभ्यासक्रम आखला. सूतकताई, शेती अशा हाताच्या कामांतून गणित, विज्ञान शिकवावे, असे त्यात ठरले. तीच नई तालीम. पुढे बहुतेक शाळांतून ती मागे पडली आणि धडा पुन्हा फळ्यावर गेला. आम्हाला वाटते, पोरांचे त्यात नुकसानच झाले.

आता बाभळीकडे वळू. आपल्याकडे बांधाबांधावर बाभूळ आहे. तिच्या शेंगा नि साल तुरट असतात. हिरडाही तुरट, आवळाही तुरट. आवळा लोखंडी विळीवर चिरला की पाते काळे पडते आणि आवळाही काळा पडतो. ते विळीवरचे किटण नव्हे. तुरट पदार्थांत टॅनिन नावाचे द्रव्य असते. त्याची आणि लोखंडाची गाठ पडली की काळा रंग तयार होतो.

याच काळ्या रंगाची शाई जुन्या काळी करत. तुम्हीही करा. चार-पाच गंजके खिळे काचेच्या पेल्यात टाका, लिंबाचा रस खिळे बुडतील एवढा ओता आणि दोन दिवस ठेवा. लिंबाचे आम्ल गंज खाते, आणि लोखंडाचा अंश रसात उतरतो. बाभळीच्या मूठभर शेंगा किंवा चार हिरड्यांची टरफले कुटून पेलाभर पाण्यात उकळा, पाणी निम्मे होईतो आटवा, गाळा. मग त्या काढ्यात खिळ्यांचे पाणी थोडे थोडे घाला. बघता बघता काढा काळा होत जातो. फिका वाटला तर दोन दिवस उघडा ठेवा, हवेने आणखी गडद होतो. बाभळीच्याच काडीला टोक काढा, या शाईत बुडवा आणि आपले नाव लिहा. आमच्या वर्गात एका काकूंनी पहिले नाव स्वतःचे लिहिले नाही, आईचे लिहिले. बराच वेळ त्या कागदाकडे पाहत होत्या. शाई पोटात जाऊ देऊ नका आणि कपड्यावर सांडू नका. निघणार नाही.

ही शाई केवळ गंमत नाही. तिच्यात एक घरची गोष्ट दडली आहे. शेंगांच्या काढ्याऐवजी कोरा कडक चहा घ्या. खिळ्यांचे पाणी घाला. चहाही काळा होतो! चहातही टॅनिन आहे. ते लोहाला धरते आणि सोडत नाही.

आता विचार करा. गरोदर बाईला दवाखान्यातून लोहाच्या गोळ्या मिळतात. अंगात रक्त कमी असलेल्या पोरींनाही मिळतात. बाई सकाळी गोळी तोंडात टाकते आणि वर गरम चहा पिते. जे त्या पेल्यात झाले, तसेच पोटात होते. चहा गोळीतले लोह धरून ठेवतो, आणि त्यातले पुष्कळसे अंगी न लागता बाहेर जाते. बाई म्हणते, "गोळ्या खाल्ल्या, तरी रक्त वाढत नाही." गोळीत खोट नसते, मागून आलेल्या चहात असते. गोळीच्या आधी नि नंतर एक-दोन तास चहा घेऊ नका. लिंबूपाणी चालते. लिंबाने लोह उलट चांगले अंगी लागते. हिरव्या भाजीवरही लिंबू पिळा, आणि जेवणाला लागून चहा नको. लोखंडी कढईत भाजी केली की कढईचे थोडे लोह भाजीत उतरते, तेही बरे. आणि गोळ्या घेऊनही रक्त वाढत नसेल, तर गोळी बंद न करता दवाखान्यात सांगा. इतर कारणेही असतात.

हे आम्ही तोंडी सांगितले होते, तेव्हा बायांनी माना डोलावल्या आणि चहा तसाच चालू राहिला. पेल्यातला चहा डोळ्यांदेखत काळा झाला, त्या दिवशी मात्र एका सासूबाईंनीच सुनेला म्हटले, "उद्यापासून तुले चहा नंतर, गोयी आधी."

आणखी एक छोटी परीक्षा. जखमेला लावायचे आयोडीनचे तपकिरी औषध औषधाच्या दुकानात मिळते. त्याचा थेंब चिरलेल्या बटाट्यावर, भातावर किंवा भाकरीवर टाका. निळा-काळा डाग पडतो. पिष्ठ असले की असे होते. दुधात दाटपणासाठी कोणी पीठ मिसळले असेल तर तेही असेच कळते. थोडे दूध उकळून थंड करा आणि त्यात दोन-तीन थेंब टाका. निळे झाले तर त्यात पीठ आहे. निळे झाले नाही म्हणजे दूध चोख आहे, असे मात्र समजू नका. त्यात पाणी असू शकते. पाणी आयोडीनला दिसत नाही. परीक्षेचे दूध वा बटाटा खाऊ नये, फेकून द्यावा.

पुष्कळ जण विचारतात की हळदीच्या पट्टीवर शेताच्या मातीचीही परीक्षा होईल का. थोडी होते. आपल्या काळ्या मातीत पांढरे खडे सापडतात, त्या चुनखडीवर लिंबाचा रस टाकला तर बारीक बुडबुडे येतात. चुनखडी आम्लारी, लिंबू आम्ल, दोघांच्या झटापटीत वायू निघतो. पण खत किती घालावे, हे पट्टी सांगू शकत नाही. त्यासाठी माती सरकारी परीक्षण केंद्रातच द्यावी.

आणि काही झाडांना हात लावायचा नाही, हे पोरांना आधी बजावा. रुईचा चीक डोळ्यात गेला तर डोळा सुजतो, नजर जाण्याचे भय असते. कण्हेर नि धोतरा विषारी आहेत. त्यांची फुले दिसायला छान असली तरी वाटायची, उकळायची नाहीत. फरशी नि संडास धुवायचे ॲसिड तर या खेळात आणूच नये. ते लिंबाच्या जातीचे आम्ल असले तरी कातडी जाळते. प्रयोगाची भांडी निराळी ठेवा. एखादी फुटकी कपबशी, नारळाची करवंटी चालते.

हळदीच्या पट्ट्या कोरड्या डब्यात, अंधारात ठेवल्या तर बरेच दिवस टिकतात. एखादी पट्टी मोठी कापा. काडी निवळीत बुडवून तिच्यावर काहीतरी लिहा. पिवळ्यावर तांबडी अक्षरे उमटतील. मग त्यांच्यावरून लिंबाची फोड फिरवा आणि काय होते ते पोराला सांगायला लावा. आपल्याकडे पळस खूप. फाल्गुनात पळस फुलला की त्याच्या पाकळ्यांचे पाणी काढा. लिंबाने त्याचा रंग कसा होतो आणि चुन्याने कसा होतो, ते आम्ही मुद्दामच लिहीत नाही.